स्टिरिओमध्ये जुने व्हॉल्व्ह बसवताना

व्हॉल्व्हच्या (म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या निर्वात काचेच्या नळ्यांच्या) ॲम्प्लिफायरची गंमत अशी, की त्याचा जीव ज्यात आहे तोच भाग हाताने उपटून काढता येतो आणि तिथे दुसरा खोचता येतो. सोल्डरिंग नको, बहुतेकदा स्क्रू ड्रायव्हरही नको. साठ वर्षांपूर्वी बनलेला, खोक्यातून कधी बाहेरच न आलेला व्हॉल्व्ह आज खोचला तरी मिनिटाभरात गायला लागतो. नाद लागतो तो यामुळेच. आणि भलत्या जागी भलता व्हॉल्व्ह खोचून ट्रान्सफॉर्मर जाळता येतो, तोही याच सोयीमुळे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं थोडक्यात असं: जुन्या मालावर पैसे घालायचेच तर लहान व्हॉल्व्हवर घाला, मोठे पॉवर व्हॉल्व्ह नवेच घ्या, आणि खोक्यावरच्या नावापेक्षा टेस्टरवरचे, म्हणजे व्हॉल्व्ह मोजणाऱ्या यंत्रावरचे, आकडे बघा.

आपल्या ॲम्पमध्ये आहे काय?

ॲम्पच्या तळाला किंवा माहितीपुस्तिकेत एक नकाशा असतो: कुठल्या सॉकेटमध्ये कुठला व्हॉल्व्ह. तो वहीत उतरवून घ्या आणि प्रत्यक्ष खोचलेल्या व्हॉल्व्हशी ताडून बघा. सेकंडहँड ॲम्प असेल तर हे टाळूच नका. आधीच्या मालकाने काय खोचून ठेवलंय याचा नेम नसतो.

अंगठ्याएवढे, नऊ पिनांचे काचेचे व्हॉल्व्ह सिग्नल वाढवतात. मोठे, बहुधा काळ्या किंवा तपकिरी बुडाचे, आठ पिनांचे पॉवर व्हॉल्व्ह स्पीकर हलवतात. ईएल८४ हा यातला अपवाद, पॉवर व्हॉल्व्ह असून नऊ पिनांचा. काही ॲम्पमध्ये आणखी एक रेक्टिफायर व्हॉल्व्ह असतो, तो एसीचं डीसी करतो. बाकीच्यांत ते काम साधे डायोड करतात.

स्टिरिओ पूर्ण ट्रान्झिस्टरचा असेल तर त्यात बदलण्यासारखं काही नाही. पण टर्नटेबल किंवा सीडी प्लेयर आणि ॲम्प यांच्या मध्ये व्हॉल्व्हचा फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारा) किंवा प्रीॲम्प (मुख्य ॲम्पच्या आधीचा) टाकता येतो. त्यात दोन-चार लहान व्हॉल्व्ह असतात, बायसची, म्हणजे व्हॉल्व्हमधून शांत असताना किती करंट वाहू द्यायचा ते लावण्याची, कटकट नसते. खरं सांगायचं तर शिकायला हीच जागा उत्तम. फक्त व्हॉल्व्हच्या बुडाशी नारिंगी एलईडी लावून उजेड पाडलेली उपकरणं दिसतात, त्या उजेडाला भुलू नका. खरा हीटर, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणारी आतली तार, मंद असतो, दिवसाउजेडी तर नीट दिसतही नाही.

नावातच पत्रिका असते

नवख्याचा घोळ होतो तो इथेच, म्हणून जरा थांबून वाचा.

अमेरिकन नावातला पहिला आकडा हीटरचा व्होल्टेज सांगतो. ६एसएन७ म्हणजे ६.३ व्होल्ट, ५यू४ म्हणजे ५ व्होल्ट, १२एएक्स७ म्हणजे १२.६ व्होल्ट. युरोपीय नावात हे काम पहिलं अक्षर करतं: ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘जी’ म्हणजे ५. पुढची अक्षरं आत काय भरलंय ते सांगतात. ‘सी’ म्हणजे ट्रायोड (आत तीन इलेक्ट्रोड), ‘सीसी’ म्हणजे एका काचेत दोन ट्रायोड, ‘एल’ म्हणजे पॉवर पेंटोड (पाच इलेक्ट्रोड), ‘झेड’ म्हणजे रेक्टिफायर. म्हणून ईसीसी८३ हा ६.३ व्होल्टचा दुहेरी ट्रायोड.

आता गोची अशी, की १२एएक्स७ आणि ईसीसी८३ हा एकच व्हॉल्व्ह. मग बारा खरे की सहा? दोन्ही. त्याच्या हीटरला मधोमध फाटा आहे. ४ आणि ५ नंबरच्या पिनांवर १२.६ व्होल्ट दिले की १५० मिलिअँपिअर घेतो. त्या दोन्ही पिना एकत्र जोडून त्या आणि ९ नंबर यांच्यामध्ये ६.३ व्होल्ट दिले की ३०० घेतो. ॲम्प बनवणाऱ्याने यातला कुठलाही मार्ग निवडलेला असू शकतो, आणि सॉकेटकडे वरून बघून तो कळत नाही.

याची दोन भावंडं आहेत: १२एटी७ म्हणजेच ईसीसी८१, आणि १२एयू७ म्हणजेच ईसीसी८२. पिना तिघांच्या सारख्या, पण गुण वेगळे. व्हॉल्व्ह सिग्नल किती पट वाढवू शकतो तो आकडा १२एएक्स७ चा १००, १२एटी७ चा ६० आणि १२एयू७ चा जेमतेम १७ ते २०. एकाच्या जागी दुसरा खोचला तर धूर निघणार नाही, पण आवाज पडेल आणि सर्किटचं गणित बिघडेल. १२एएक्स७ च्या जागी थोडी कमी पट हवी असेल तर ५७५१ नावाचा एक औद्योगिक व्हॉल्व्ह आहे, त्याचा आकडा ७०. फोनो स्टेजमध्ये खरखर जास्त वाटत असेल तर मी आधी तोच लावून बघतो.

खरा धोका वेगळाच आहे. ६डीजे८, म्हणजे ईसीसी८८, त्याच नऊ पिनांच्या सॉकेटमध्ये अगदी सहज बसतो, पण त्याचा हीटर ४ आणि ५ मध्ये आणि तोही ६.३ व्होल्टचाच. १२.६ व्होल्टच्या जागी खोचला की संपला. सोव्हिएत ६एन२पी चीही तीच कथा. तो १२एएक्स७ सारखाच शंभर पट वाढवतो म्हणून भाऊ मानला जातो, पण हीटरची जोडणी वेगळी आहे. बसतो म्हणून चालतो असं व्हॉल्व्हच्या बाबतीत धरायचं नाही.

हे मी नुकसान करून शिकलो. माझ्या एका प्रीॲम्पमध्ये चार ६डीजे८ होते. स्वस्तातला पर्याय म्हणून ६एन१पी मिळाले, पिना जुळल्या, आवाजही छान आला. अर्ध्या तासाने गरम वार्निशचा वास आला, आधी वाटलं शेजारी कोणीतरी रंग देतंय. ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला तर ठेववेना. ६डीजे८ चा हीटर ३६५ मिलिअँपिअर घेतो आणि ६एन१पी ६००. चारांचा हिशेब दीड अँपिअरच्या आतून थेट २.४ वर गेला होता. ट्रान्सफॉर्मर वाचला, पण तेव्हापासून नवीन नाव दिसलं की आधी डेटाशीट, म्हणजे त्या व्हॉल्व्हचा माहितीचा कागद, उघडायची आणि तीन ओळी बघायच्या ही सवय लागली: पिना, हीटरचा व्होल्टेज, हीटरचा करंट.

पॉवर व्हॉल्व्हमध्ये ईएल३४, ६एल६जीसी आणि केटी८८ अदलाबदलीने वापरल्याच्या गोष्टी ऐकाल. हीटर अनुक्रमे १.५, ०.९ आणि १.६ अँपिअर घेतात, १ नंबरच्या पिनेचं काम वेगवेगळं आहे, बायस नव्याने लावावा लागतो. ॲम्पच्या पुस्तिकेत परवानगी दिली असेल तरच करा.

हात घालण्याआधी

आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी फिरत असतात. प्लग काढला तरी पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर बराच वेळ चार्ज धरून राहू शकतात. नुसते व्हॉल्व्ह बदलायला खालचं झाकण उघडावं लागत नाही, तर उघडूच नका. ज्या ॲम्पमध्ये उघडल्याशिवाय भागत नाही तिथे पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी हवा.

प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. अर्धा तास थांबा. पॉवर व्हॉल्व्हची काच हाताची कातडी सोलून काढण्याइतकी तापते.

आणि स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा पॉवर ॲम्प कधीही चालू करू नका. ट्रान्झिस्टरवाल्यांना हे उलटं वाटतं. इथे लोड नसेल आणि सिग्नल आला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज इतका चढतो की वाइंडिंगमध्ये ठिणगी पडते. ॲम्पमधला सर्वांत महाग भाग तोच.

कुठल्या जागेपासून सुरुवात?

सिग्नल आत आल्यावर ज्या व्हॉल्व्हला पहिल्यांदा भेटतो तिथून. टर्नटेबलच्या सुईमागच्या मूव्हिंग मॅग्नेट काडतुसातून साधारण ५ मिलिव्होल्ट येतात. पहिल्या व्हॉल्व्हने त्यात जी काही खरखर मिसळली ती पुढचे सगळे टप्पे इमानेइतबारे वाढवत नेतात. म्हणून शांत आणि चांगला जुना व्हॉल्व्ह लावायची जागा ती. शेवटच्या टप्प्याआधी सिग्नलचे दोन उलटसुलट भाग करणारा जो व्हॉल्व्ह असतो, फेज स्प्लिटर, तिथे महाग माल घालून मला तरी कधी फरक कळलेला नाही.

एका वेळी एकाच जागेचा व्हॉल्व्ह बदला. स्टिरिओ असल्याने डावा-उजवा मिळून दोन लागतील. सगळे एकदम बदलले आणि घरघर सुरू झाली तर कोणाला धरणार?

मोठे नवे घ्या म्हणालो त्याचं कारण आयुष्य. लहान व्हॉल्व्ह सहज पाच-दहा हजार तास चालतो. पॉवर व्हॉल्व्हचे दोन-अडीच हजार तास झाले की थकवा दिसू लागतो. जुन्या बाजारातले पॉवर व्हॉल्व्ह बहुतेक अर्धेअधिक झिजलेले असतात, चार एकसारखे मिळणं मुश्कील, आणि त्यातला एक बिघडला तर स्वतःबरोबर आणखी दोन-चार भाग घेऊन जातो. रेक्टिफायरच्या बाबतीत मात्र माझं मत उलटं आहे. जुना जीझेड३४ चांगल्या अवस्थेत मिळाला तर घ्या, तो दणकट असतो. त्याच्या जागी ५यू४ खोचायचा मोह टाळा. जीझेड३४ हीटरला १.९ अँपिअर घेतो, ५यू४ तीन.

विकत घेताना

मुलार्ड, टेलिफुंकन, ॲम्पेरेक्स, आरसीए, सिल्व्हेनिया, टुंग-सोल ही नावं कानावर येतीलच. पहिली गोष्ट ध्यानात घ्या: छापलेलं नाव आणि बनवणारा कारखाना एकच असेल असं नाही. हे कारखाने त्या काळीही एकमेकांकडून माल घेऊन आपला शिक्का मारत. दुसरी गोष्ट, मुलार्ड आणि टुंग-सोल या नावांनी आज नवे व्हॉल्व्हही मिळतात, ते रशियातल्या साराटोव्हचे. वाईट नाहीत, पण इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या जुन्या मुलार्डशी त्यांचं नातं फक्त नावाचं. त्यांना जुन्याचा भाव देऊ नका.

काचेवरची छपाई बोटाने पुसली जाते, आणि पुन्हा छापणारेही आहेत. म्हणून कोरीव खुणा बघा. फिलिप्सच्या घराण्यातल्या व्हॉल्व्हवर, आणि मुलार्ड त्यातलाच, काचेच्या खालच्या भागात करड्या रंगात दोन छोट्या ओळी असतात. वरची ओळ प्रकार आणि आवृत्ती सांगते, उदाहरणार्थ ईएल३४ वर ‘एक्सएफ२’. खालची समजा ‘बी९डी२’ आहे. बी म्हणजे ब्लॅकबर्न, ९ म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा, डी म्हणजे चौथा महिना, एप्रिल, आणि २ म्हणजे दुसरा आठवडा. वर्ष १९५९ की १९६९ ते आवृत्ती आणि आतली बांधणी बघून ठरवावं लागतं. व्हॉल्व्ह दिव्यासमोर तिरका धरून हळूहळू फिरवला की या ओळी एका विशिष्ट कोनात उमटतात आणि पुन्हा नाहीशा होतात. टेलिफुंकनच्या उल्म कारखान्यातल्या लहान व्हॉल्व्हना उलटं करून बघा, पिनांच्या मध्ये काचेतच पत्त्यांतल्या चौकटसारखी खूण उठलेली असते.

‘न वापरलेला जुना साठा’ हे शब्द सर्वांत जास्त उधळले जातात. माझ्याकडे असाच एक जोड आला होता, खोकं मूळचं, सील नव्यासारखं. भिंगातून पिना बघितल्या तर प्रत्येक पिनेवर उभ्या, चकचकीत रेघा: सॉकेटमध्ये कितीदा तरी जाऊन आलेल्या. वापरलेला माल वाईट असतो असं नाही. वापरलेला पण भक्कम मोजणारा व्हॉल्व्ह मी आनंदाने घेतो, फक्त तो त्या भावात मिळायला हवा.

आकडे मागा, आणि दोन्ही ट्रायोडचे वेगवेगळे मागा. ‘९५ टक्के’ असं कोणी म्हटलं तर कशाच्या ९५ टक्के ते विचारा. कुठल्या टेस्टरवर मोजला आणि त्या टेस्टरवर नव्याचा आकडा किती, हे दोन सांगता आले नाहीत तर टक्क्यांना अर्थ नाही. फोनोसाठी घेत असाल तर खरखर आणि मायक्रोफोनी (धक्का लागला की व्हॉल्व्हने घुमणं) तपासली का, तेही विचारा. टेस्टर झिजलेला व्हॉल्व्ह पकडतो, कुरकुरणारा पकडेलच असं नाही. म्हणून परत घेण्याची मुदत ठरवूनच पैसे द्या.

हातात आल्यावर काचेच्या आतला चंदेरी डाग बघा. तो गेटर, बेरियमचा थर, आत उरलीसुरली हवा शोषायला ठेवलेला. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा आत शिरली, व्हॉल्व्ह मेला. तो लावूनही बघू नका.

काढणं आणि बसवणं

लहान व्हॉल्व्हच्या टोकाला काचेचं एक निमुळतं बोंड असतं, तिथूनच हवा काढून तो बंद केलेला असतो. तिथे जोर पडू देऊ नका. मधोमध धरून अगदी छोट्या गोलाकारात हलवत वर ओढा. मोठा व्हॉल्व्ह काचेला नाही, बुडाला धरून काढायचा, नाहीतर काच हातात आणि बूड सॉकेटमध्ये.

नव्या व्हॉल्व्हच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. काचेवरची अक्षरं वाचवायची असतील तर वर हात लावू नका. पिन वाकडी असेल तर बारीक चिमट्याने हळूच सरळ करा. जोर केला तर काचेला तडा जातो, आणि तो दुसऱ्या दिवशी गेटर पांढरा झाल्यावरच दिसतो. नऊ पिनांमध्ये एक जागा मोकळी असते, ती सॉकेटवरच्या मोकळ्या जागेशी जुळवा. आठ पिनांच्या मधल्या खुंटीवर एक कंगोरा असतो, तो खाचेत बसेपर्यंत फिरवा, मगच दाबा.

सॉकेटही साफ करा. जुना व्हॉल्व्ह दोन-तीनदा काढून घातला की पत्रे आपोआप घासले जातात. कित्येकदा ‘नव्या व्हॉल्व्हने आवाज उघडला’ असं जे वाटतं ते श्रेय या घासण्याचं असतं. मी आता आधी सॉकेट साफ करून जुनाच संच पुन्हा ऐकतो, मग नवा लावायचा की नाही ते ठरवतो.

पहिली दहा मिनिटं

स्पीकर जोडलेले, व्हॉल्यूम शून्यावर, खोलीत थोडा अंधार. चालू करा आणि ॲम्पसमोरून हलू नका.

काही जुन्या लहान व्हॉल्व्हचा हीटर चालू करताक्षणी लख्ख चमकतो आणि लगेच मंद होतो. पहिल्यांदा बघणाऱ्याचा श्वास अडकतो, पण ते त्या बांधणीचं वैशिष्ट्य आहे. पॉवर व्हॉल्व्हच्या काचेच्या आतल्या अंगावर गडद निळी झाक खेळत असेल तर तीही निरुपद्रवी. प्लेटांच्या (आतल्या मोठ्या करड्या पत्र्यांच्या) मधल्या पोकळीत जांभळट-गुलाबी धुकं दिसलं तर मात्र आत वायू आहे, लगेच बंद करा. करडी प्लेट लालबुंद व्हायला लागली तरी तसंच, एक सेकंदही ‘बघूया’ म्हणू नका.

सगळं ठीक असेल तर व्हॉल्यूम थोडा वाढवा आणि पेन्सिलच्या मागच्या रबराने लहान व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारा. थोडं ‘टक्’ स्पीकरमधून येणारच. घंटेसारखा घुमत राहिला तर तो मायक्रोफोनिक आहे. फोनोत चालणार नाही, पण पुढच्या एखाद्या जागी खपून जाईल.

बायस

लहान व्हॉल्व्हना याची गरज नसते. पॉवर व्हॉल्व्ह बदललेत आणि ॲम्प ऑटो बायसचा (हा करंट स्वतःच लावणारा) असेल तरीही काही करायचं नाही. फिक्स्ड बायस (हाताने लावायचा) असेल तर मात्र चालवायच्या आधी मल्टिमीटर हवाच.

पुस्तिकेतला आकडा अंतिम माना. डायनाकोच्या १९५९ च्या स्टिरिओ ७० या ॲम्पमध्ये तो आकडा १.५६ व्होल्ट आहे: १५.६ ओहमच्या रेझिस्टरमधून दोन ईएल३४ चा मिळून १०० मिलिअँपिअर, म्हणजे प्रत्येकी ५०. पुस्तिका नसेल तर कमाल वॅटच्या ७० टक्क्यांच्या वर न जाणं हा सर्वसाधारण नियम. ईएल३४ ची प्लेट २५ वॅटची, त्याचे ७० टक्के १७.५. प्लेटवर ४०० व्होल्ट असतील तर साधारण ४४ मिलिअँपिअर. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर मीटरवर ४४ मिलिव्होल्ट दिसतील, हिशेब तोंडी होतो. वीस मिनिटं तापू द्या, बायस लावा, तासाभराने पुन्हा बघा. आकडा सरकलेला असतोच.

ऐकताना

दोन व्हॉल्व्हची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा, नाहीतर किंचित मोठा वाजणाराच चांगला वाटतो आणि तुम्ही त्यालाच ‘उबदार’ म्हणाल. ४०० हर्ट्झचा टेस्ट टोन हळू आवाजात लावून स्पीकरच्या टर्मिनलवर एसी व्होल्टेज मोजा, दुसरा व्हॉल्व्ह लावल्यावर व्हॉल्यूम फिरवून तोच आकडा आणा. पाठ असलेलं एकच गाणं ऐका, तबल्याच्या बायाँचा घुमारा किंवा तंबोऱ्याची जव्हारी असलेलं. एकाच कारखान्याच्या दोन व्हॉल्व्हमध्येही फरक असतो, आणि खूपदा फरक कळतच नाही. कळला नाही तर तसं वहीत लिहा आणि आधीचाच ठेवा.

काढलेला संच फेकू नका. प्रत्येक व्हॉल्व्हच्या खोक्यावर पेन्सिलने कुठल्या जागचा ते लिहा, डावा की उजवा तेही. पुढे कधी मध्येच खरखर सुरू झाली की दोषी शोधायला आधी हाच संच परत लावावा लागतो.